ब्रेक तळाला गेला आणि सल्ला मिळाला स्टेज टूचा

पत्र थोडक्यात असं: साताऱ्याच्या एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवणारे अडतीस वर्षांचे एक वाचक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस सेकंडहँड घेतली. कर्ज अजून फिटायचं आहे. घरातली एकमेव चारचाकी हीच, मुलीला शाळेत सोडायलाही हीच. चेन्नईच्या ट्रॅकवर त्यांनी दोन ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचे दिवस) केले. दुसऱ्या वेळी चौथ्या-पाचव्या लॅपला ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि मग जवळजवळ तळाला गेलं. गाडी ट्रॅकबाहेरच्या मातीत जाऊन थांबली, नुकसान काही झालं नाही. गाड्यांत बदल करून देणाऱ्या पुण्याच्या एका ट्यूनरने त्यावर सहा लाखांचं कोटेशन दिलं आहे: स्टेज टू रीमॅप (इंजिनाची ताकद वाढवणारा बदल), मोठे ब्रेक, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), बकेट सीट (अंग घट्ट धरणारी शर्यतीची सीट), मागे रोल केज (गाडी उलटली तर छत तोलणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा). पंचवीस हजार ॲडव्हान्स देऊन झाला आहे. सराव म्हणून दर रविवारी पहाटे दोन मित्रांसोबत यवतेश्वरचा घाट, मोबाइलवर वेळ लावून. वडील म्हणतात, गाडी विकून टाक. "स्वतः उमेदीत शर्यतीचे बैल पाळले आणि आता मला शहाणपण शिकवतात," असं वाचकांचं म्हणणं. पत्नी काहीच बोलत नाही. प्रश्न असा की सहा लाख या गाडीत घालू, की ही विकून जुनी पोर्श केमन घेऊ, की नादच सोडून देऊ?

नमस्कार,

तुमच्या पत्रात तीन पर्याय आहेत, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: गाडी कमी पडली. मला तसं वाटत नाही. म्हणून आधी त्या चौथ्या-पाचव्या लॅपचं बघू.

पेडल मऊ पडलं, तळाला गेलं, आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पेडल "बऱ्यापैकी परत आलं". ही लक्षणं ब्रेक ऑइल उकळल्याची आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नाही अशी अट असते, ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर चाकाची डिस्क धरणाऱ्या पॅडपर्यंत न पोचता बुडबुडे चेपण्यात खर्च होतो. पॅड तापून निकामी होतात तेव्हा चित्र वेगळं असतं. पेडल दगडासारखं घट्ट राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी थांबत नाही. हा फरक ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावा, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आणि खर्चही वेगळा.

मागच्या मालकाने ब्रेक ऑइल कधी बदललं ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही घेतल्यापासून ते बदललेलं नाही, असंही पत्रात आहे. मग उत्तर तुमच्याच पत्रात होतं.

आता उष्णतेचा हिशेब, मशीन शॉपवाल्याला आवडेल असा. तुमची गाडी दीड टनाला थोडी कमी, तुम्ही बसल्यावर सव्वापंधराशे किलोच्या आसपास. ताशी १६० वरून ७० वर आणताना साधारण १२ लाख ज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये जाते. एवढ्यात चार लिटर पाण्याला खोलीच्या तापमानापासून उकळी फुटेल. हे काही सेकंदांत आणि एका लॅपमध्ये अनेकदा. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. स्टेज टू करून सरळ पट्ट्याच्या शेवटी तुम्ही १६० ऐवजी १७५ ला पोचलात, की त्याच वळणासाठी डिस्कमध्ये जवळपास चतुर्थांश उष्णता जास्त ओतणार. म्हणजे ज्या गाडीचे ब्रेक दमले तिला आधी ताकद द्यायची, आणि मग त्या ताकदीसाठी मोठे ब्रेक घ्यायचे. कोटेशन सहा लाखांचं होतं ते असं. तुमच्या गाडीची आहे ती २३० अश्वशक्ती नवख्याला चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर पुरून उरते, हे मी अगदी बेधडक सांगतो.

तुम्ही स्वतः काय करत असाल त्याचाही यात वाटा असणार. बहुतेक नवखे घाबरून लवकर आणि हलका ब्रेक धरतात आणि वळणाच्या तोंडापर्यंत पाय काढत नाहीत. पॅड डिस्कला चिकटून राहतो, डिस्कला वारा लागायला फुरसत मिळत नाही. अनुभवी माणूस सरळ गाडीत जोरात आणि थोडाच वेळ दाबतो, मग हळूहळू सोडतो. वळणात घाईने ॲक्सिलरेटर दिला की पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या अशा गाड्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आतलं घसरणारं चाक ब्रेकने धरते. तुम्हाला वाटतं गाडी झकास वळली, आणि बिल ब्रेकच्या नावावर चढतं.

तेव्हा माझा क्रम असा. चांगल्या उत्कलनबिंदूचं डॉट ४ किंवा डॉट ५.१ ऑइल, पूर्ण सिस्टिम ब्लीड करून (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून), आणि ते दर मोसमाआधी नव्याने. डॉट ५ हे सिलिकॉनचं, नाव जवळचं असलं तरी जात वेगळी, ते यात कधीही घालायचं नाही. मग ट्रॅकच्या तापमानाला टिकणारे पुढचे पॅड. असे काही पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि किंचाळतात, म्हणून मुलीला शाळेत सोडताना साधे आणि ट्रॅकआधी दुसरे, अशी अदलाबदल करावी लागेल. तुमच्या शॉपमध्ये ते दीड तासाचं काम आहे. नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर बसू द्यायचे: मध्यम वेगावरून क्रमाने जोर वाढवत ब्रेक लावायचे, पूर्ण थांबायचं नाही, मग गाडी फिरवत थंड करायची. तिसऱ्या क्रमांकावर टायर. त्यावर कारखान्याच्या तारखेचा चार अंकी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. जुना, कडक झालेला टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी ट्रॅकला नेऊ नये.

हवेचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे बहुधा पंपावर भरून गेलात तशीच ठेवली. ट्रॅकवर टायर तापून हवा सहा-आठ पीएसआयने सहज चढते. म्हणून थंड असताना थोडी कमी घेऊन सुरुवात करायची, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, आल्या आल्या गरम टायरची मोजायची, चढलेली काढायची, प्रत्येक फेरीचे (ट्रॅकवर एका दमात चालवायच्या पाळीचे) आकडे वहीत लिहायचे. परतीच्या प्रवासाआधी पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणायची. लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात आणि कमी हवेवर हायवेला लागतात. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने, दर फेरीआधी तपासून. इंजिन ऑइलची पातळी दर फेरीनंतर. डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल कंपनी सांगते त्या किलोमीटरच्या बरंच आधी बदललेलं बरं, कारण ते किलोमीटर शाळेच्या फेऱ्यांचे धरलेले असतात. फेरी दहा-पंधरा मिनिटांचीच, शेवटचा लॅप ब्रेक न लावता सावकाश, आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कला पॅड दाबून ठेवला की एकाच जागी उष्णता कोंडते आणि पॅडचा थर तिथे चिकटतो. चाकामागे लाकडी ठोकळा, गिअर पार्कमध्ये, बस्स.

या सगळ्याला सहा लाखांतला लहानसा तुकडा लागतो. उरलेल्यातला मोठा भाग मी तुमच्यावर खर्च करीन. ट्रॅक डेला शिकवणारा बाजूला बसवून घेता येत असेल तर दिवसभरासाठी घ्या. नजर कुठे ठेवायची, ब्रेक कुठे सोडायचा, वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग कधी सैल करायचं, हे शेजारी बसून तोंडाने सांगणारा माणूस कुठल्याही रीमॅपपेक्षा जास्त सेकंद देतो. जवळचं आणि स्वस्त शिक्षण म्हणजे कोल्हापूरचं गो-कार्टिंग. साताऱ्याहून दोन-अडीच तास, सांगलीकरांना तर तासाभरात. कार्टला सस्पेन्शन नसतं, चूक लगेच कळते, आणि एकच वळण तासात पन्नास वेळा मिळतं. जाण्याआधी फोन करून ट्रॅक त्या दिवशी चालू आहे का तेवढं विचारा. लॅपटाइम मात्र निदान एक मोसम मोजू नका. आकडा समोर आला की माणूस शिकणं थांबवून भांडायला लागतो.

घाटाबद्दल मात्र गोड बोलणार नाही.

यवतेश्वरचा रस्ता पहाटे रिकामा असतो असं तुम्ही लिहिलंय. साताऱ्यात राहून हे तुम्हाला कसं वाटलं? सातारा हिल मॅरेथॉन याच घाटातून जाते, आणि तिचा सराव करणारे निम्मं शहर पहाटे त्याच वळणांवर धावत असतं, काळे टीशर्ट घालून, कानात इअरफोन खुपसून. त्यात दुधाच्या मोटरसायकली, कासकडे निघालेले पर्यटक, पावसाळ्यात दरडीची माती आणि शेवाळलेला डांबर. तिघे मित्र वेळ लावून जाता तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मधली 'वेगाची चाचणी' तुम्हीच घेत असता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी एक वर्षापर्यंत. पण दंड सोडा. घाटात जो सराव होतो तो ट्रॅकच्या उलटा असतो. घाटात अर्धाच रस्ता तुमचा, पलीकडे काय आहे दिसत नाही, म्हणून शहाणा माणूस तिथे वळण तोडतच नाही. ट्रॅकवरची रेषा पूर्ण रुंदीची असते. घाटात ती घेतलीत तर समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाल. नाही घेतलीत, तर ट्रॅकचं काहीच शिकला नाहीत. सांगलीकडच्या एका वाचकाने मागे पेठ-सांगली रस्त्यावर 'गाडी मोकळी करतो' म्हणून लिहिलं होतं. त्यांनाही हेच, वर उसाच्या मोसमात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या. येत्या रविवारपासून बंद करा. माझ्या बाकी सगळ्या सल्ल्यात घासाघीस चालेल, यात नाही.

आता रोल केज. ट्रॅकसाठीच ठेवलेल्या गाडीत केज, रेसिंग सीट, हार्नेस, हेल्मेट आणि मानेचा आधार हे सगळं मिळून एक यंत्रणा असते. त्यातलं एकच उचलून घरच्या गाडीत बसवलं तर ते घात करतं. मागच्या सीटवर मुलगी बसणार, तिच्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि शेजारी लोखंडी नळी. साध्या धक्क्यालाही डोकं तिथेच आदळणार. चार पट्ट्यांचा हार्नेस साध्या सीटवर लावला तर अपघातात माणूस खालून घसरतो. तुमच्या गाडीचा तीन बिंदूंचा पट्टा आणि एअरबॅग एकमेकांसाठी बनवलेले आहेत, त्यांना राहू द्या. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. ट्यूनर हे सांगत नाही, कारण आरटीओसमोर तुम्ही उभे राहणार, तो नाही. हेल्मेट मात्र चांगलं घ्या, पूर्ण तोंड झाकणारं. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, सिंथेटिक आगीत वितळून कातडीला चिकटतं.

सहा लाखांच्या कोटेशनमध्ये नसलेली एक रक्कम आहे. तुमच्या विमा पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असं कलम असेल. तिथे संघटित शर्यत, वेगाची चाचणी हे सरळ वगळलेलं असतं. ट्रॅक डे ही शर्यत नाही असा वाद घालता येईल, पण भिंतीला गाडी लावून मग तो वाद घालत बसायची तुमची तयारी आहे का? ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून, असंच धरून चाला. वैयक्तिक अपघात विमा आणि टर्म पॉलिसीही काढून वाचा, शर्यती आणि साहसी खेळांबद्दल काय लिहिलंय ते. गाडी बँकेकडे तारण आहे. ती गेली तरी हप्ता जात नाही. मी स्वतःपुरता एक नियम पाळतो: गाडी ट्रॅकवर तशीच मोडून पडली, तर ती तिथेच सोडून रेल्वेने घरी येता येईल का? आणि सोमवारी घर नेहमीसारखं चालेल का? व्हीआरएसच्या बाबतीत तुमचं उत्तर आज 'नाही' आहे. केमनच्या बाबतीत तर ते आणखी मोठ्याने 'नाही' आहे.

केमन सुंदर गाडी आहे, इंजिन मध्यभागी, वळणात मन लावून ऐकते. पण जुनी केमन म्हणजे पॅड, डिस्क, टायर, सगळ्याचं मोल वर, सर्व्हिसला दर वेळी साताऱ्याबाहेर, मागे सीटच नाही म्हणून मुलीसाठी दुसरी गाडी, आणि ओरखड्याची भीती एवढी की ट्रॅकवर तुम्ही ती अर्ध्या जोरानेच चालवाल. हे मी गाडीवर प्रेम असूनच लिहितोय. दोन मोसम झाल्यावरही भूक राहिली तर मी तुम्हाला उलट दिशेला पाठवीन: व्हीआरएस घरची राहू द्या आणि कर्जाशिवाय एखादी जुनी स्विफ्ट किंवा पोलो घ्या, हलकी, साधी, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी. ताकद कमी असली की वळणातला वेग जपावा लागतो, आणि शिकायचं असतं ते तेच. तिला चेन्नईला न्यायला फ्लॅटबेड (गाडी लादून नेणारा ट्रक) लागेल, तो खर्च आधी धरा. तसं तुमच्या घराजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ च श्रीपेरुंबुदूरच्या त्या ट्रॅकपर्यंत पोचतो, पण ते अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. दिवसभर ट्रॅकवर घालवून त्याच रात्री परत निघणारे लोक मी पाहिलेत. एक मुक्काम धरा. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, तिथे सरळ पट्टा आखूड म्हणून ब्रेकवर भार कमी, नवख्याला तो मला जास्त आवडतो.

नाद सोडायचा का, याचं उत्तर तुमच्या घरात आहे, पण तुम्ही ते नीट विचारलेलं दिसत नाही. वडील पैशांवरून बोलतात असं तुम्ही धरून चाललात. शर्यतीचा बैल पाळलेल्या माणसाला हौसेचा खर्च तुमच्याआधी कळलेला असतो. २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा गावोगावच्या गोठ्यांत काय झालं तेही त्यांनी बघितलंय, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने शर्यती कायम केल्या तेव्हा ते खूश झाले नसतील असं मला वाटत नाही. त्यांना एक विचारा. शर्यतीआधी बैलाला किती दिवस विश्रांती द्यायचे, खुराक काय, आणि तोच बैल रोज नांगराला आणि रविवारी डांबरी रस्त्यावर पळवला असता का? मला खात्री आहे, ते तुमच्या व्हीआरएसबद्दलच बोलू लागतील. कदाचित 'गाडी विक' याचा त्यांचा अर्थ 'घाटात जाऊ नको' एवढाच असेल.

पत्नीच्या गप्प राहण्याचा अर्थ मी इथे बसून लावणार नाही, तुम्हीही अंदाजाने लावू नका. ॲडव्हान्स दिल्याचं तिला माहीत आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर तिथून सुरुवात करा. वर्षाचा पूर्ण आकडा कागदावर लिहून समोर ठेवा: प्रवेश फी, डिझेलपेक्षा वेगाने संपणारं पेट्रोल, टायर, पॅड, मुक्काम, आणि गाडी गेली तर काय, तेही. मग दोघांनी मिळून वर्षाला किती ट्रॅक डे ते ठरवा. दोन पुष्कळ झाले. पुढच्या वेळी तिला ट्रॅक बघायला घेऊन जा, झेंडे, ॲम्ब्युलन्स, नियम सगळं दिसेल. शेजारच्या सीटवर मात्र बसवू नका, आयोजकांनी परवानगी दिली तरी. तुम्ही अजून शिकताय.

राहिला ॲडव्हान्स. ट्यूनरला फोन करा आणि कोटेशनमधलं सगळं रद्द करून तेच पंचवीस हजार ब्रेक ऑइल, पुढचे पॅड आणि अलाइनमेंटमध्ये वळते करायला सांगा. धंदा करणारा माणूस गिऱ्हाईक जाण्यापेक्षा हे पत्करतो. नाही म्हणाला तर पंचवीस हजार गेले असं समजा, उरलेले पावणेसहा लाख अजून तुमच्याकडेच आहेत.